सोजरच्या वहीत

पहिला कंटेनर रॉटरडॅमला गेला त्या वर्षी
घरात तीन गोष्टी आल्या:
पाण्याचा फिल्टर, पांढरी फरशी
आणि "तू आता कशाला जातेस रानात?"

तिसरी सगळ्यांत चकचकीत होती.
मीही पुसून पुसून ठेवली.

त्याआधी मी जीएच्या मगात घड बुडवायचे,
एकेक, अंगठ्याएवढे असताना.
बोटं सुरकुतून जायची, भाकरीला वास यायचा.
हे म्हणायचे, तुझ्या हाताला द्राक्ष कळतं.
आता पाहुण्यांना सांगतात,
आमच्या मिसेसला उन्हाचा त्रास होतो.
मला आठवत नाही कधी झाला.

गच्चीवरून बाग दिसते, पार कादवेपर्यंत.
त्यातलं चार एकर माझ्या नावावर आहे, असं ऐकून आहे.
तलाठ्याकडे, बँकेत, ठिबकच्या अनुदानाला
जिथं बोट ठेवलं तिथं सही केली.
सही सुंदर आहे माझी.

थिनिंगला सुरगाण्याची टोळी येते.
आधी मुकादम काशिनाथ होता,
बायका पिकअपमध्ये मागं, तो पुढं.
तीन वर्षं झाली, पुढं सोजर बसते.
सोजर भोये, त्याचीच भावजय.
एकरी भाव ठरवते ह्यांच्याशी,
उभ्यानं, चहा न घेता.
हे आत येऊन म्हणतात, बाई फार चढलीय,
आणि तिच्याच आकड्याला हो म्हणून आलेले असतात.

यंदा डिसेंबरात निफाडला पारा चारवर आला,
तिच्या दोघी तापानं पडल्या.
घड कुणासाठी थांबत नाहीत.
हे बागायतदारांबरोबर आठवडाभर इटलीत,
दुसऱ्यांचे मळे बघायला.
मी लेकीचे जुने बूट घातले
आणि कात्री मागितली.

सोजरनं वर-खाली पाहिलं.
"मालकीणबाई, रोजानं की हौसेनं?"

उत्तर द्यायला मला
एक अख्खी ओळ लागली. वेलींची.

रोजानं, म्हणाले.

"मग डबा आमच्यात खायचा."

मांडवाखाली आभाळ हातभर वर असतं.
मान मागं टाकायची, खांदे मोकळे सोडायचे,
घडाच्या पोटातले मणी काढायचे, शेंडा खुडायचा.
कात्र्या चालल्या की बायका बोलतात:
कुणाच्या पोरीनं नर्सिंगचा फॉर्म भरलाय,
कुणी पिकअपचा हप्ता अडवून धरलाय,
गाडी आधी माझ्या नावावर कर म्हणून.
मी माझ्याकडचं काय सांगावं ते शोधत राहिले.
फरशीचं नाही सांगितलं.

पाचव्या दिवशी बांधावर पगार.
वही मांडीवर, चष्मा नाकाच्या टोकाला.
"नाव काय लिहू?"

सातबाऱ्यावर सुनंदा आहे,
लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं.
मी कौतिक म्हणाले.
पंचवीस वर्षांत ते तोंडातून आलं नव्हतं,
जरा अडखळलंच.

"कौतिक. पाच दिवस. एकोणीसशे.
शंभर कापले, तिसऱ्या ओळीत शेंडे राहिलेत.
हात विसरलाय तुमचा."

सही कर म्हणाली. बोट कुठंच ठेवलं नाही.
मी आधी वाचलं, मग केली.

अठराशे रुपये.
तसे ह्यांचेच, ह्यांच्याच खात्यातून तिच्याकडं गेलेले,
फक्त जरा फिरून आले.
एका नोटेला चिकटपट्टी होती.
तिजोरीची किल्ली ह्यांच्याकडे असते,
आणि स्वयंपाकघरातले डबे
नव्या ओट्याबरोबर सगळे पारदर्शक झालेत.
उशीच्या अभ्र्यात ठेवले.
कूस बदलली की वाजायचे.

हे आले, अत्तराची बाटली घेऊन.
शिंपडायला माझा हात धरला
आणि विचारलं, बोटाला काय लागलं?

कात्री.

कुठली कात्री?

मी ओळीचा नंबर सांगितला.